मानेशी तुटणारी वायर

आईनं चार्जरची वायर माझ्या तोंडासमोर धरली तेव्हा मी उभ्यानंच चहा पीत होते आणि बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"पुन्हा?" मी विचारलं. हातानंच. आमच्या घरात सगळं बोलणं हातांनी व्हायचं. आई जन्मापासून बहिरी, माझे वडील, अण्णा, तेही तसेच होते. अण्णा जाऊन तीनेक वर्षं झाली होती. त्या घरात ऐकू येणारी मी एकटी.

वायर नेहमीच्याच जागी गेली होती. पिनेच्या अगदी खाली, जिथं वायरची मान सुरू होते तिथं. वरचं आवरण फाटून आतल्या तारा दिसत होत्या. आईनं त्यावर काजाचा दोरा घट्ट गुंडाळला होता आणि गाठीची टोकं नीट कातरली होती. ती घरी ब्लाउज शिवायची. काहीही उसवलं की तिचा पहिला उपाय दोरा.

"आत्ताच तर नवी आणली होती. तू करतेस तरी काय तिचं?"

"काही नाही. वायरच वाईट आहे."

"सगळ्याच वाईट? दुकानदार वाईट वायरी तुझ्यासाठी राखून ठेवतो का?"

तिनं खांदे उडवले आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. बहिऱ्या माणसानं तोंड फिरवलं की बोलणं संपतं. मग तुम्ही कितीही हात हलवा.

हॉर्न पुन्हा वाजला. मी कप मोरीत ठेवला, वायर पर्समध्ये टाकली आणि निघाले.

मी तेव्हा तिशीला आले होते आणि दमले होते. कामाचं दमणं झोपल्यावर उतरतं, हे उतरत नव्हतं. गॅसवाला आला की मी. गिऱ्हाईक बाई गळा मोठा हवा की लहान हे सांगायला आली की मी. लग्नात कुणी आईशी बोलायला आलं की जेवता जेवता ताट बाजूला ठेवून मी. शाळेत असताना बाईंनी माझीच तक्रार सांगायला आईला बोलावलं होतं, तीही मीच आईला सांगितली होती. अण्णांच्या आजाराचं नाव डॉक्टरांनी माझ्याकडे बघून घेतलं. अण्णा शेजारी बसून माझ्या हातांकडे बघत होते. आईही बघत होती. ते नाव मी माझ्या हातांनी दोघांना सांगितलं. त्यानंतर कितीतरी दिवस मला माझे हात नकोसे वाटत होते.

मिरजेत डॉक्टर शिरगुप्पे यांच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. रक्त काढायचं, तपासायचं, शिवाय मागच्या खोलीत ई.सी.जी. काढायचा. सरांनी नाशिकला नवीन लॅब काढायची ठरवली होती आणि तिचं काम मी बघावं अशी त्यांची इच्छा होती. दोन-तीन महिन्यांपूर्वीच मी नाही म्हणून मोकळी झाले होते. त्या दिवशी त्यांनी पुन्हा बोलावलं.

"त्रिशला, पुन्हा एकदा विचार कर. दुसरं कुणी ठरवायच्या आधी तुला विचारतोय."

"सर, आईला ऐकू येत नाही."

"ते मला माहीत आहे गं."

"मग झालं की सर."

सरांनी समोरचा रिपोर्ट ओढला. माझ्या या वाक्यापुढं कुणीच काही बोलत नसे. बोलायला लागल्यापासून मी सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं वाक्य बहुतेक तेच असेल. दुकानात, एस.टी.त, दवाखान्यात, दारात. आईला ऐकू येत नाही.

मागच्या खोलीत विल्सन ई.सी.जी.च्या वायरी आवरत होता. विल्सन घाटगे माझ्यानंतर लॅबमध्ये लागलेला. नाशिकचं त्याला ठाऊक होतं, पण त्यानं विचारलं नाही. मी पर्समधून आईची वायर काढली आणि टेबलावर टाकली.

"येताना वाटेत नवीन घ्यायची आहे. कुठली टिकते रे?"

त्यानं ती उचलली. दोरा बघून हसला. "काकूंचं काम दिसतंय. टाका झकास, पण उपयोग नाही. आत तार तुटलीय."

"दर खेपेला इथंच तुटते."

"इथंच तुटणार. पीन कडक, वायर मऊ. वाकायचं ओझं सगळं मानेवर. आपण या लीडा कशा ठेवतो बघ की. सैल वेटोळं करायचं, काढताना टोक धरून काढायचं, वायर ओढायची नाही. सगळी ही मान वाचवायचीच कामं. तू मला पहिल्या आठवड्यातच यावरून झापलं होतंस."

"मी आईलाही सांगितलंय. ती वायर ओढत नाही. शिवणारी बाई आहे, वस्तू जपून वापरते."

"मग गुंडाळून ठेवत असतील फोनभोवती."

"नाही."

त्यानं वायर उजेडात धरली. "ही एकाच बाजूला चेपलीय. फोन चार्जिंगला असताना उभा करून ठेवतात का त्या? म्हणजे कशाला तरी टेकवून? फोनचं सगळं वजन मग पिनेवर येतं आणि वायर खाली दुमडून बसते. रोज तासन्‌तास तसं राहिलं तर कुठलीही आण, जाणारच."

"उभा कशाला करेल? व्हिडिओ कॉलला तिला आहेच कोण? एक मावशी, तीही रविवारी."

"मग माहीत नाही बाई," विल्सन म्हणाला.

नवीन वायर घेतली. पुढं दोन-तीन आठवडे ती चालली, आणि मग तिच्याही मानेशी तसाच बारीक चुरा पडायला लागला. मी बघितलं आणि वायर तशीच ठेवली. भांडायचाही कंटाळा आला होता.

अशातच एका दुपारी आमच्या गल्लीच्या मागं एका आजोबांचं रक्त घ्यायला गेले. काम लवकर आटोपलं. घर दोन मिनिटांवर होतं, म्हणून म्हटलं जेवूनच जावं. किल्ली माझ्याकडं असायची. बेल वाजली की घरात दिवा लागायचा, पण आई मशीनवर मान घालून बसली की तिला तोही दिसत नसे.

किल्ली कुलपात घातली आणि थांबले. घरातून आवाज येत होता.

आमच्या घरातून आवाज येत नसे. भांड्याचा यायचा, मशीनचा यायचा. पण हा माणसाचा होता. जाडसर, नाकातून येणारा, मध्येच चढणारा, मध्येच तुटणारा. कुणाला तरी लागलंय आणि तो कण्हतोय असंच मला वाटलं. दार ढकलून मी आत धावले.

आई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. समोर ओट्याखालच्या फळीवर पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता, चार्जिंगला लावलेला. फोन त्या पिनेवरच उभा होता आणि वायर खाली दुमडून चेपली होती. आईचा एक हात स्वतःच्या गळ्यावर होता. दुसरा हात ओठांसमोर, पालथा. डोळे स्क्रीनवर.

"म्‌ला... ऐऊ... येअ... नाई."

तो आवाज तिचा होता.

फोनवर अक्षरं उमटली. बोललेलं लिहून दाखवणारी सोय तिनं चालू केली होती. मी तिच्या मागं दोन पावलांवर होते, मला स्क्रीन दिसत होता.

मला कुणी नाही.

आईनं मान हलवली. पुसलं. गळ्यावरचा हात जरा खाली सरकवला, श्वास घेतला.

"मला... ऐऊ... येत... नाई."

मला येऊ देत नाही.

पुन्हा पुसलं. पुन्हा म्हणाली. पुन्हा 'मला कुणी नाही'. तिला राग येत नव्हता. उसवलेली शिवण पुन्हा घालावी तसं ती पुसत होती आणि म्हणत होती. कपाळावर घाम आला होता. मी तिथं किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही. माझी सावली फळीवर पडली तेव्हा ती दचकून वळली.

 मग तिनं फोन पटकन पालथा घातला, चोरी पकडल्यासारखा.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"जेवलीस का?"

"आई. कधीपासून?"

तिनं हात पदराला पुसले. ओले हात असले की तिला बोलायला आवडत नसे. "शिरगुप्पे डॉक्टरीणबाई ब्लाउज टाकायला आल्या होत्या. त्यांनी फोनवर लिहून दाखवलं. नाशिक. तू नाही म्हणालीस ते पण."

"मग मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? नोकरी चांगली नाही. गाव लांब आहे. मला माहीत आहे तू काय म्हणतेस ते."

मी खाली फरशीवर बसले. भूक गेली होती. "तुला बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं."

"शाळेत शिकवलं होतं. बाई गळ्यावर हात ठेवायला लावायच्या. आत थरथरलं पाहिजे. आणि ओठांसमोर हात, वारा लागला पाहिजे." तिनं पुन्हा दोन्ही हात जागेवर नेऊन दाखवले. "दोन्ही हात लागतात. म्हणून फोन उभा ठेवावा लागतो. आडवा ठेवला तर अक्षरं दिसत नाहीत. आणि जुना फोन, चार्जिंगवरून काढला की लगेच बंद पडतो."

"आणि वायर तुटते."

"वायर तुटते," तिनं कबूल केलं.

"मग बंद का केलंस? बोलणं."

 मग तिनं जे सांगितलं ते अगदी सावकाश सांगितलं, हात छातीजवळ ठेवून.

"तू झालीस तेव्हा मी बोलायची. तुला हाक मारायची. तू दचकायचीस आणि रडायचीस. शेजारच्या बायका म्हणाल्या, पोरगी घाबरते, तू आवाज काढू नकोस. मला माझा आवाज माहीत नाही ना. मला वाटलं खरंच भीती वाटण्यासारखा असेल."

 बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"आहे का?" तिनं विचारलं. "खरं सांग. भीती वाटते का?"

"नाही," मी म्हणाले. "वेगळा आहे. भीती नाही वाटत."

"कळतं का काय म्हणते ते?"

इथं खोटं बोलणं सोपं होतं. पण आयुष्यभर लोकांचं बोलणं तिला जसंच्या तसं सांगत आले होते. "फोनपेक्षा मला जास्त कळलं. 'ऐकू' मधला क येत नाहीये. जीभ मागं लागत नाही."

तिनं लगेच तोंड उघडून जीभ मागं नेली, गळ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी तिचा हात उचलून माझ्या गळ्यावर ठेवला आणि म्हटलं, "ऐकू." तिनं म्हटलं. मी पुन्हा म्हटलं. त्या दुपारी मी लॅबला परत गेले नाही.

संध्याकाळी तिनं रिकाम्या रिळांची एक बैठक केली. दोन रिळं इकडं, दोन तिकडं, मध्ये फट, सगळी कापडी पट्टीनं एकत्र शिवून घेतलेली. फोन त्यावर टेकायचा, पीन मधल्या फटीत लोंबायची आणि वायरला खाली सैल वळण मिळायचं. मानेवर काहीच ओझं नाही. विल्सनला मी फोटो पाठवला. त्यानं लिहिलं, काकूंना लॅबमध्ये घ्या. त्यानंतरची वायर, खोटं नाही सांगत, फोन बदलेपर्यंत टिकली.

पण आईला फोनसमोर बोलून भागणार नव्हतं. महिनाअखेरीला सर नाशिकसाठी माणूस ठरवणार होते. एके सकाळी तिनं डोळ्यांच्या दवाखान्याचं कार्ड काढलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरत होता, तपासणी राहिली होती.

"मी जाते," ती म्हणाली.

"मी येते ना."

"ये. पण लांब बस."

दवाखान्यात सकाळची गर्दी होती. मी मागच्या बाकावर बसले. आई रांगेत उभी राहिली, धुतलेलं पातळ, हातात कार्ड. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, खाली बघूनच बोलत होती. त्यामुळं तिचे ओठ आईला दिसत नव्हते. आईचा नंबर आला. मुलीनं काहीतरी विचारलं. आईनं एक हात गळ्यावर ठेवला.

"मला ऐऊ येत नाही."

मुलगी वर न बघता म्हणाली, "काय?"

"मला ऐऊ... येत नाही."

आता मुलीनं वर बघितलं. रांगेतली माणसंही बघायला लागली. एक बाई तोंडाला पदर लावून शेजारणीकडं वळली. मी उठले. पाय आपोआप उठले, इतक्या वर्षांची सवय. तोंडात वाक्य तयार होतं. आईनं मागं वळून बघितलं नव्हतं, पण तिचा मोकळा हात पाठीमागं आला आणि पंजा उघडून माझ्याकडं धरला. थांब.

मी थांबले. त्या वेळी थांबण्याइतकं अवघड काम मी आजवर केलेलं नाही.

"मला," आई म्हणाली. श्वास घेतला. "ऐकू. येत. नाही. लिहून. दाखव."

क आला होता. जरा जास्तच जोरात, खोकल्यासारखा, पण आला होता.

"अय्या, सॉरी मावशी," मुलगी म्हणाली आणि तिनं कागद ओढला. मग लक्षात येऊन तोंड वर करून, ओठ मोठे करत पुन्हा म्हणाली, "सॉरी." लिहिलं, आईनं वाचलं, खाली उत्तर लिहिलं. रांग पुढं सरकली. पदर लावलेली बाई आता छताकडं बघत होती.

आई माझ्या शेजारी येऊन बसली. ब्लाउजची पाठ घामानं भिजली होती.

"दमले," ती म्हणाली. मग डोळे मिटून मागं टेकली. डोळे मिटल्यामुळं मला तिला काही सांगता येईना. आत नंबर पुकारला जाईपर्यंत मी नुसती बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी सरांना होकार दिला.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं नाही. नाशिकला पहिले दोन महिने मी दर थोड्या वेळानं फोन बघायची. मिरजेत एकदा एक माणूस गॅसची तपासणी म्हणून आला आणि आईला फसवून गेला. एकदा ती गच्चीवर असताना वाऱ्यानं दार लागलं. ती ओरडत होती, पण शेजारच्यांना ते तिचं ओरडणं आहे हे कळायलाच बराच वेळ गेला. त्या दिवशी मी राजीनामा लिहायला बसले होते. आईनं व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "आता कळलं त्यांना माझा आवाज कसा आहे. पुढच्या वेळी लवकर येतील." मी कागद फाडला. पण ती रात्रीपर्यंत काही जेवली नव्हती, हे मला नंतर मावशीकडून कळलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. लॅबमध्ये गर्दी होती. अनोळखी नंबरवरून फोन आला.

"त्रिशला मगदूम का? मी इथं एस.टी. स्टँडवरून बोलतेय. तुमच्या आई इथं आहेत."

"कुठल्या स्टँडवर? मिरजेच्या?"

"नाशिकच्या हो. आम्ही एकाच गाडीत होतो. त्यांनी तुमचा नंबर दिला. त्या म्हणतायत..." पलीकडं कुणाचा तरी जाडसर आवाज झाला. बाई हसली. "त्या म्हणतायत, मला ऐकू येत नाही, तेव्हा तिची कारणं मला सांगू नका. तिला नुसतं ये म्हणावं."

मी तशीच ॲप्रनवर रिक्षा पकडली. स्टँडवर आई एका बाकावर, पिशव्यांच्या मधोमध बसली होती. पाय वर घेतलेले, डोळे प्रवासानं लाल. फोन करणारी बाई तिच्या शेजारी होती.

"रस्ताभर गप्पा मारल्या हो तुमच्या आईंनी," ती म्हणाली. "सुरुवातीला कळायचं नाही. नंतर कान बसला. तुमचं सगळं माहीत आहे मला आता."

मी आईसमोर उभी राहिले. रागवायचं होतं, न कळवता एवढा प्रवास केला म्हणून. पण तिनं मला बोलूच दिलं नाही. तोंड उघडलं, तर नुसती हवा आली. मग तिनं गळ्याला हात लावला, तोंड वाकडं केलं आणि हातांनी म्हणाली,

"घसा बसलाय. फार बोलले. गरम पाणी मिळतं का बघ."

मी तिच्या पिशव्या उचलल्या आणि चहाच्या टपरीकडं गेले.